पांढरी सात, जरा चढी

“बाई, आज हे बोलेना.”

दस्तगीर चाचांनी असं म्हटलं तेव्हा माझी त्यांच्याकडे पाठ होती. मी एका निवृत्त मास्तरांच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. वळून पाहिलं तर चाचा नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखेच वाकून बसलेले. उजवा कोपर टेबलावर, मनगटाला प्लास्टर, प्लास्टरला कापलेल्या खिडकीत यंत्राचं पेढ्याएवढं डोकं पट्ट्यानं बसवलेलं. प्लास्टरबाहेर राहिलेलं अंगठ्याचं टोक त्यांनी कानाखाली जबड्याच्या हाडाला टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला होता. वीस मिनिटांवरून आकडे खाली उतरत होते.

“दिवा लागलाय ना, चाचा? मग झालं तर,” मी म्हटलं.

“दिवा हाय की. आवाज न्हाई.”

मास्तर हसले. मीही हसले. चाचांनी डोळे उघडून एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि उरलेली सतरा मिनिटं तसेच बसून राहिले.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेतल्या एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागून मला आठच महिने झाले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. नाव स्नेहल मगदूम. चाचा मला मगदूमबाई म्हणत, आणि घाईत असले की नुसतंच बाई.

चाचा सतारी बनवायचे. दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत त्यांचं दुकान होतं. खाली काम आणि वर माळ्यावर वाळत टांगलेले मोठाले भोपळे. असाच एक भोपळा उतरवताना त्यांची शिडी सटकली आणि ते उजव्या तळहातावर पडले. मनगट सुजलं, त्यांनी तेल चोळलं, सूज उतरली. मुरगळलं असेल म्हणून चार महिने तसंच काम रेटलं. कानस धरताना डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मुलानं, मुनीरनं, त्यांना ओढत दवाखान्यात आणलं.

मनगटात अंगठ्याच्या मुळाशी काजूच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. ते मोडलं की महिनोन् महिने रेंगाळतं, कारण तिथे रक्तच कमी पोचतं. कधी कधी ते जुळतच नाही. चाचांचं जुळलं नव्हतं. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर गुळवणी सर, त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून मधली काळी फट त्यांना दाखवली आणि दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे ऑपरेशन: कमरेचं थोडं हाड काढून त्या फटीत भरायचं आणि स्क्रूनं आवळायचं. यात मनगट थोडं आखडण्याची भीती होती. दुसरा रस्ता नवा होता. दवाखान्यानं नुकतंच एक यंत्र आणलं होतं. ते ध्वनीच्या फार बारीक लहरी हाडात सोडतं आणि रेंगाळलेलं हाड त्यानं जागं होतं, असं सर म्हणाले. रोज वीस मिनिटं, बारा आठवडे, एकही दिवस न चुकवता. शेवटी फोटो काढायचा आणि मग ठरवायचं.

चाचांनी विचारलं, आखडलं तर किती आखडेल? सर म्हणाले, सांगता येत नाही, पण रोजच्या कामाला अडचण येणार नाही.

“माझं रोजचं काम जवारीचं हाय, साहेब,” चाचा म्हणाले. “मनगट गव्हाएवढं जरी कमी वळलं, तरी मी घरी बसलो.”

जवारी म्हणजे काय ते मला पुढे कळलं. सतारीच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती हाडाची असते. तिचा माथा कानशीनं अगदी थोडा थोडा घासून असा उतरता करायचा, की तार छेडल्यावर त्याला हलकेच घासत राहील. सतारीचा तो झंकार त्यातून येतो. जास्त घासलं की तार भणभणते, कमी घासलं की ठोकळ्यासारखी वाजते. मिरजेत सतारी करणारे बरेच होते, पण लोक जवारीला चाचांकडे यायचे. पुण्याहून, धारवाडहून, एकदा तर कोणी कलकत्त्याहून आलेलं.

पहिल्या दिवशी मी जेल लावून यंत्र त्यांच्या मनगटावर बसवलं आणि बटण दाबलं. दोन मिनिटांनी त्यांनी विचारलं, चालू झालं का? मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, मग आवाजाचं यंत्र म्हणता तर आवाज कुठाय? मी त्यांना सांगितलं, हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. कुत्र्यालासुद्धा येत नाही.

“बघू,” म्हणत त्यांनी अंगठ्याचं टोक जबड्याला टेकवलं. सतारीची दांडी अशीच जबड्याला लावून ते जवारी तपासत. गल्लीत कितीही गोंगाट असला तरी हाडातून नीट ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. मिनिटभर थांबले आणि हसले.

“बोलतंय की.”

“काय बोलतंय?”

“आधी तुम्ही ऐका. मी सांगितलं तर तुम्हाला तेच ऐकू येईल.” मग मला समजावत म्हणाले, त्यांच्या दुकानात हा नियमच आहे. जवारी झाली की बाप आणि मुलगा वेगवेगळे ऐकतात, आणि दोघांचं ऐकून होईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. एक जण आधी बोलला की दुसऱ्याचा कान गेलाच म्हणून समजायचं.

त्यांच्या समाधानासाठी मी यंत्राचं डोकं माझ्या मनगटावर धरलं, अंगठा जबड्याला लावला, डोळेही मिटले. मला काहीएक ऐकू आलं नाही, आणि मी तसं सांगितलं.

“मग आता सांगतो. पांढरी सात. वरच्या सप्तकातली. आणि जरा चढी.”

म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी दाबल्यावर जो सूर येतो तो, त्याहून किंचित वर. मला पेटी येत नव्हती, पण गंमत वाटली. त्यांच्या उपचाराच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात लिहून ठेवलं: पां. ७, जरा चढी. आमच्या रिसेप्शनवरच्या बाई ते वाचून आठवडाभर मला चिडवत होत्या, फिजिओथेरपी करता की गायनाचा क्लास?

असे सहा आठवडे गेले. चाचा सकाळी साडेदहाला यायचे, रविवारीसुद्धा. अंगठा जबड्याला लावून आपल्या सुराची खात्री करून घ्यायचे आणि मग गप्पा. दवाखान्याबाहेरच्या नारळवाल्याची नक्कल ते इतकी हुबेहूब करायचे की एकदा तोच आत डोकावून गेला. मला ते आवडायचे, हे सांगायलाच हवं. नाहीतर पुढचं सगळं सांगायला सोपं गेलं असतं.

सातव्या आठवड्यात त्यांनी ते वाक्य म्हटलं. आज हे बोलेना. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी जरा चिडून यंत्राचा दिवा, आकडे, शेवटी वाजणारी शिट्टी, सगळं एकेक करून दाखवलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, बाई, तुम्ही म्हणता तर असेल. त्यानंतर ते त्याबद्दल बोलले नाहीत. फक्त रोज अंगठा जबड्याला लावायचे, थोडा वेळ थांबायचे आणि हात टेबलावर ठेवून द्यायचे. गप्पाही कमी झाल्या. मला वाटलं, म्हातारा रुसला.

आता मी काय केलं ते सांगते.

त्या यंत्रातून लहरी निघतात की नाही हे दिव्यावरून कळत नाही. दिवा आणि आकडे आपले घड्याळासारखे चालत राहतात. खरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. यंत्राचं डोकं उताणं धरायचं, त्यावर एक थेंब ठेवायचा, बटण दाबायचं. लहरी निघत असल्या तर थेंबावर शहारा येतो. आमच्या शेकायच्या मोठ्या यंत्रावर तो थेंब उकळल्यासारखा नाचायचा. या यंत्राची ताकद फार कमी. खिडकीपाशी जाऊन, तिरप्या उजेडात, श्वास रोखून बघावं तेव्हा कुठे ती थरथर दिसायची. ही तपासणी रोज सकाळी करून वहीत सही करायची असा नियम होता. मी पहिले काही दिवस अगदी मनापासून केली. नव्याचे नऊ दिवस. मग एकदा सोमवारी सकाळी गर्दी होती म्हणून मी आठवड्याच्या सातही चौकोनांत एकदम सह्या करून टाकल्या. काही बिघडलं नाही. पुढच्या सोमवारीही तेच. बरोबरच्या सगळ्या मुली तसंच करायच्या. पण त्या यंत्राची वही माझ्याकडे होती.

अकराव्या आठवड्यात बाहेरून तपासणीला माणसं येणार असं कळलं. आदल्या दिवशी मी यंत्र खिडकीपाशी नेलं आणि थेंब ठेवला. थेंब हलला नाही. पुसून दुसरा ठेवला. तो ताटातल्या पाण्यासारखा गप्प. मी वायर हलवून पाहिली. डोक्याजवळ ती आतून तुटलेली होती, बोटांना ते कळत होतं. काम झालं की मी ती रोज यंत्राभोवती करकचून गुंडाळायची. कपाट नीटनेटकं दिसावं म्हणून.

मी उभ्या उभ्या हिशेब केला. सातव्या आठवड्यात चाचा पहिल्यांदा ‘बोलेना’ म्हणाले तो दिवस. म्हणजे जवळजवळ पाच आठवडे मी त्या माणसाच्या हातावर एक मुकं डोकं बांधून त्याला रोज वीस मिनिटं बसवलं होतं. आणि त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

कपाटात एक जादा डोकं होतं, वायरीसकट. मी ते जोडलं. थेंबावर शहारा आला. जुनं डोकं मी खोक्यात, खोकं कपाटाच्या तळाशी ठेवलं आणि कोणालाही काही बोलले नाही. माझी नोकरी कायम व्हायला चार महिने राहिले होते. वडिलांनी गावाकडे सगळ्यांना पेढे वाटले होते. ही कारणं मी आज सांगतेय. तेव्हा मी काही विचार केला नाही, नुसती घाबरले.

साडेदहाला चाचा आले. मी यंत्र बसवलं, बटण दाबलं आणि मास्तरांच्या गुडघ्याकडे वळले. पाठीमागून आवाज आला नाही म्हणून वळून पाहिलं. त्यांचा अंगठा जबड्याला होता आणि चेहरा उजळला होता.

“बाई, आज बोलायला लागलं.”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं खोलीतला प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय. खरं तर एकटे मास्तर होते आणि ते पेपर वाचत होते.

“चाचा,” मी म्हटलं, “किती वेळा सांगू? हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. कोणालाच नाही. तुम्हाला भास होतोय.”

“मग मधी का बंद झाला हुता?”

“भासच तो. कधी होतो, कधी होत नाही.”

त्यांनी अंगठा जबड्यावरून हळूच काढला.

पुढच्या आठवड्यात फोटो काढला. गुळवणी सरांच्या खोलीत चाचा, मुनीर आणि कार्ड घेऊन मी. सरांनी फोटो लावला. फटीच्या एका कडेला जरासं पांढुरकं धरलं होतं, बाकी फट तशीच. सरांनी पेन खाली ठेवलं.

“कोर्स पूर्ण झाला ना? खाडे नाहीत?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, एकही नाही. ते खरंच होतं.

सर चाचांना समजावत होते, की मधे खंड पडला असता तर मी आणखी दीड-दोन महिने दिले असते. सुरुवात तर दिसतेय. पण पुरे बारा आठवडे यंत्र लावूनही एवढंच, म्हणजे आता यंत्राचा उपयोग नाही. थांबलो तर हाडच मरेल. ऑपरेशन करून टाकू.

चाचांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, यंत्र मधी पाच आठवडे बंद हुतं.”

सरांनी भुवया वर केल्या. “कोण म्हणालं?”

“मला ऐकू येईना झालं.”

सर हसले. वाईट नाही, आपण घरातल्या म्हाताऱ्यांना हसतो तसं. “मॅडम, काय म्हणतायत हे?”

त्या वेळी मी नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरे होतं. सर ओरडले असते. कदाचित नोकरी गेली असती. चाचांना दीड महिना मिळाला असता आणि हाड आपलं आपण जुळलं असतं, कदाचित. मी कार्ड छातीशी धरलं आणि म्हटलं, “सर, त्यांना तसं वाटतं. मी समजावलंय त्यांना. तो आवाज माणसाला ऐकू येणं शक्यच नाही.”

“शक्यच नाही, चाचा,” सर म्हणाले. “लाखो कंपनं असतात सेकंदाला. कसं ऐकू येईल?”

मुनीरनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाला, “अब्बा, जाने दो.”

चाचांनी मान हलवली. “असेल. तुम्ही दोघंही शिकलेली माणसं. माझंच काहीतरी झालं असेल.”

ऑपरेशन झालं. मनगटाचा व्यायाम मीच घेतला, तीन महिने, आणि आयुष्यात कोणाचा घेतला नाही इतक्या जिवापाड घेतला. मनगट आखडलं नाही. गव्हाएवढंही नाही. शेवटच्या दिवशी सरांनी ते सगळीकडे वळवून पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. चाचा मला म्हणाले, तुमचे उपकार झाले, बाई. मी म्हटलं, आता गरज सरो वैद्य मरो असं करू नका, येत जा. ते हसले, पण नंतर कधी आले नाहीत. मीही मागच्या गल्लीतून जायचं टाळायची. घरी जायला मी बसस्टँडकडून लांबचा वळसा घेऊ लागले.

ऑपरेशनला सव्वा वर्ष होत आलं तेव्हा बेळगावहून हलगेकर म्हणून एक इंजिनियर यंत्रांची देखभाल करायला आला. बोलका माणूस. काम करता करता मी त्याला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की हा आवाज कोणाला ऐकू येऊ शकतो का? माझी अपेक्षा होती की तो हसेल.

तो म्हणाला, “लहर नाही ऐकू येत. पण हे यंत्र लहर सलग सोडत नाही ना, तुकड्यातुकड्यानं सोडतं. सेकंदाला हजार तुकडे. म्हणजे ते हाडाला सेकंदाला हजार वेळा टिचकी मारतंय असं समजा. हजाराचा सूर माणसाला व्यवस्थित ऐकू येतो. फार म्हणजे फार बारीक, पण हाडातून कानापर्यंत पोचला तर काही जणांना येतो. मला दोन पेशंट भेटलेत तसे.”

“हजाराचा सूर म्हणजे कुठला?” मी विचारलं.

त्याला ते माहीत नव्हतं. त्यानं त्याच्या तपासणीच्या एका उपकरणातून तो सूर वाजवून दाखवला, बारीक शिट्टीसारखा. मी तो मोबाईलवर रेकॉर्ड केला आणि दुपारच्या सुट्टीत बाजारात एका पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याला काहीच न सांगता फोन त्याच्या कानाशी धरला आणि विचारलं, हा कुठला सूर? त्यानं समोरच्या पेटीवर दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या.

“पांढरी सात,” तो म्हणाला. “पण पुरती नव्हे. जरा चढी हाय.”

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. त्यानं मला पाणी दिलं.

परत येऊन मी रेकॉर्डमधून चाचांचं कार्ड काढलं, यंत्र पिशवीत घातलं आणि मागच्या गल्लीत गेले. वाटेत मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. कबूल करायचं. ते चिडतील, शिव्या देतील. मुनीर कदाचित सरांकडे जाईल. जाऊ दे.

दुकानात चाचा खाली बसून एका भोपळ्यावर रंगाचा हात देत होते. उजवा हात इतका सहज फिरत होता की मला भरून आलं. मला बघून त्यांनी चहा सांगितला. मुनीर आत खिडकीपाशी कानस घेऊन घोडी घासत होता, घासून तार छेडत होता, पुन्हा घासत होता. ती तार भणभणत होती. ते मलासुद्धा कळत होतं.

“तुम्ही जवारी नाही करत आता?” मी विचारलं.

मुनीरचा हात थांबला.

“सोडली,” चाचा म्हणाले.

“हात दुखतो?”

“हाताला काय झालंय? सोन्यासारखा केलात तुम्ही.” त्यांनी ब्रश वाटीत ठेवला. “कानाचा भरवसा न्हाई राहिला, बाई. जे नव्हतंच ते मला सहा आठवडे ऐकू येत हुतं. नुसतं ऐकू येत नव्हतं, पट्टीसकट. मग वाटाय लागलं, पन्नास वर्षं जे ऐकलं त्यातलं खरं किती आणि भास किती? कानस हातात घेतली की तेच मनात येतं. लोकांच्या सतारी हायत. अंदाजानं कशा घासायच्या?”

मुनीर म्हणाला, त्यानं खूप समजावलं. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. धारवाडचे एकजण तर रडले. चाचांनी त्याला हातानं गप्प केलं.

मी वर्षभर त्यांच्या हाताची काळजी करत वळसे घेत होते. हात माझ्यासमोर धडधाकट होता. त्यांचं मी काय काढून घेतलं होतं, हे मला त्या दुकानात बसल्यावर कळलं. मग मी बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. थेंब, सह्या, तुटलेली वायर, बदललेलं डोकं, सरांच्या खोलीतलं खोटं, हलगेकर, हजार टिचक्या, पेटीवाला. कार्ड पुढे केलं, कोपऱ्यातलं अक्षर दाखवलं. तुमचा कान खरा होता, चाचा. पांढरी सात. जरा चढी. अगदी तंतोतंत. मी रडत होते आणि मला हलकंही वाटत होतं.

मुनीर उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. चाचा मात्र शांत होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, लांब धरून वाचलं, परत दिलं.

“तुमचं मन चांगलं हाय, बाई,” ते म्हणाले. “सगळा दोष आपल्यावर घ्याय आलात.”

“चाचा, मी खरं सांगतेय.”

“तेव्हाबी खरंच सांगत हुता की.”

मी पिशवीतून यंत्र काढलं. जेल लावून त्यांच्या मनगटावर बसवलं, टाक्यांच्या पांढऱ्या रेषेशेजारी, आणि बटण दाबलं. “तुम्हीच ऐका. माझं नका ऐकू.”

ते नको म्हणत होते. मुनीर म्हणाला, “अब्बा, सुनो तो.” मग त्यांनी अंगठा जबड्याला लावला आणि डोळे मिटले. गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मुनीरनं तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो पूर्वीसारखा उजळायला लागला होता, मी अगदी स्पष्ट पाहिलं. आणि मग मधेच थांबला.

त्यांनी डोळे उघडले आणि यंत्राचा पट्टा डाव्या हातानं सोडवला.

“येतंय ऐकू?” मी विचारलं.

“येतंय. पांढरी सात.”

“मग?”

“बाई, तुम्ही आधी सांगायला नको हुतं,” ते म्हणाले. रागानं नाही. जवारी बिघडवून आणलेल्या एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं. “तुम्ही सूर सांगितलात, मग ऐकायला लावलंत. आता मला तोच ऐकू येणार. ह्यात कान किती आणि तुमचा शब्द किती, कसं कळावं?”

मी मुनीरकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्यालाही तो नियम ठाऊक होता. मला तर पहिल्याच दिवशी सांगितला होता.

चहा आला. आम्ही तो घेतला. चाचांनी माझ्या घरच्यांची विचारपूस केली.

गुळवणी सरांना मी दोन दिवसांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, हात चांगला झालाय ना, मग आता ते उकरून काय करायचं? माझी नोकरी गेली नाही. तीन वर्षांनी चाचा वारले. शेवटपर्यंत ते भोपळे रंगवत होते, असं मुनीरनं सांगितलं. कानस त्यांनी परत धरली नाही.

आता सांगलीत माझं स्वतःचं क्लिनिक आहे. तिथे तसलं एक यंत्र आहे. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मी ते खिडकीपाशी नेते, थेंब ठेवते, श्वास रोखून शहारा येईपर्यंत बघते आणि त्या दिवसाची एकच सही करते. दुधानं तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिते, असं माझ्याकडच्या मुली म्हणतात. मग दार लावून घेते, यंत्राचं डोकं मनगटावर धरते आणि अंगठा जबड्याच्या हाडाला टेकवते. बहुतेक दिवशी काही ऐकू येत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, आलं. फार बारीक, पांढरी सात, जरा चढी. पण तो सूर मला आधीच माहीत आहे, आणि तो खरंच वाजतोय का हे विचारायला मिरजेतल्या त्या मागच्या गल्लीत आता कोणी नाही.